खांबावर कोण आहे

वानर पत्र्यावर उतरलं की आधी एक मोठा दणका होतो, मग नुसती घाई. माणूस पत्र्यावर चढतो तेव्हा आधी काहीच होत नाही. तो घाबरतो, हात टेकतो, पत्रा कुठे खिळलाय ते चाचपतो, मग पाऊल टाकतो. वाघजाईवाडीत अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसंसुद्धा डोळे मिटून हा फरक सांगतात.

•

काचेचा धागा. केसाएवढा. वाकवला तर वाकतो, फार वाकवला तर मोडतो. मोडल्याचा आवाज येत नाही.

•

मोहिते वायरमनच्या तालुक्यातल्या घरी कपाटावर बुटांचं खोकं आहे. जाड रबरी तळ, कंपनीने दिलेले. आतला चुरगाळलेला पांढरा कागद अजून तसाच आहे.

•

खडकमाळच्या शाळेत भूगोलाच्या बाई भिंतीवर तोंड उघडं ठेवून थांबल्या आहेत. त्या पुण्यातून शिकवतात. "पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणजे" इथवर आल्या आणि थांबल्या. पोरं थोडा वेळ वाट बघतात. मग मागच्या बाकावरची एक मुलगी बाईंसारखंच तोंड उघडून बसते आणि अख्खा वर्ग हसतो.

•

क्लिप.
धप्. धप्. थांबणं. काहीतरी घासल्यासारखं. धप्.
नाव द्या: वारा, फांदी, पक्षी, वानर, माणूस, सांगता येत नाही.

•

स्वप्नाली येडगेने "वानर" निवडलं. क्लिपमध्ये तिचा भाऊ होता.

•

वाघजाईवाडीच्या रस्त्याला पूर्वी तीन तऱ्हांचे खांब होते. विजेचे लोखंडी, टेलिफोनचे वाकलेले, आणि केबलवाल्याने रोवलेले बांबू. डोंगरात इंटरनेट न्यायचं तर चौथे खांब उभे करायचे, नाहीतर खडक फोडून केबल पुरायची. मूठभर घरांच्या वाडीसाठी खडक कोण फोडतं? मग कायदा झाला. खांब एक, तारा सगळ्यांच्या. खांबांची वेगळी कंपनी निघाली. तिचं लांबलचक नाव कुणाच्या तोंडात बसलं नाही, सगळे खांबकंपनीच म्हणतात. वर वीज, खाली अंतर सोडून काचेची तार. एका उन्हाळ्यात शेवटच्या धनगरवाड्यापर्यंत इंटरनेट पोचलं. दवाखान्यातला डॉक्टर पडद्यावर दिसू लागला, शाळेला भूगोलाच्या बाई मिळाल्या. यात खोटं काही नाही आणि वाईटही काही नाही. स्वप्नाली नवऱ्याचं घर सोडून माहेरी आली तेव्हा वाडीत तिच्यासाठी दोन कामं होती, शेण आणि शेळ्या. तार आली आणि तिसरं काम आलं.

ते काम समजायला आधी काच समजून घ्यावी लागते.

तारेच्या तालुक्यातल्या टोकाला एक लेसर बसवलाय. तो काचेत उजेडाचा ठिपका सोडतो, लगेच दुसरा सोडतो, अखंड सोडत राहतो. काच कितीही शुद्ध असली तरी तिच्यात बारीक खोट असते. प्रत्येक खोटीवरून उजेडाचा कणभर भाग मागे फिरतो. तार स्थिर असेल तर परतणारा उजेड दर खेपेला सारखाच असतो. ती कुठे हलली, किंचित ताणली गेली, तर तेवढ्याच जागेवरून येणारा उजेड बदलतो. किती वेळाने परतला यावरून तो कुठून परतला ते समजतं. म्हणजे अख्खी तार हा कान आहे. खरं तर कानांची रांग, पावलापावलावर एक. खांबावर कावळा बसला तरी तालुक्यात उजेड थरथरतो.

पण ती थरथर कावळ्याची की वाऱ्याची, हे यंत्राला जन्मतः माहीत नसतं. कुणीतरी हजारो तुकडे ऐकून प्रत्येकाला नाव द्यावं लागतं. खांबकंपनी थरथरीचा आवाज करून तो हेडफोनमध्ये पाठवते. स्वप्नाली शेळ्यांच्या गोठ्याला लागून असलेल्या खोलीत बसून ऐकते आणि नाव देते. तिने आणि तिच्यासारख्या इतरांनी दिलेल्या नावांवरून यंत्र शिकतं.

वाडीत कुणाला विचारलं तर सांगतात, "येडग्यांची पोरगी तारंतनं आईकती."

•

तिचा थोरला भाऊ संपत हा झिरो वायरमन. असा हुद्दा कुठल्याच कागदावर नसतो, म्हणून झिरो. खरा वायरमन मोहिते. पगार मोहित्यांचा, ओळखपत्र मोहित्यांचं, बूट मोहित्यांचे. खांबावर चढतो संपत. त्याबद्दल मोहिते त्याला आपल्यातलं थोडं देतात आणि वाडी सुगीला पायली-दोन पायली धान्य घालते. जिल्हाभर असंच चालतं. खऱ्या वायरमनकडे इतकी गावं असतात, की सगळीकडे तोच चढायचा म्हटला तर खाली उतरायचाच नाही.

झिरो वायरमन अनवाणी चढतात. लोखंडी खांबाची कड पायाच्या बोटांत धरायची, कमरेच्या दोराला वर सरकवायचं, मग दुसरा पाय. बुटाने ते जमत नाही. बूट त्यांना कुणी दिलेलेही नाहीत.

नियम असा होता: खांबावर माणूस ऐकू आला आणि त्याच वेळी वायरमनच्या ओळखपत्राची खूण आली नाही, तर तो चोर. आकडा टाकणारा किंवा तार कापणारा. भरारी पथक येणार.

ती पहिली क्लिप ऐकली त्या दिवशी जेवताना स्वप्नाली म्हणाली, "दादा, आज तू आंब्याजवळच्या खांबावर होतास ना?"

"व्हतो की. का गं?"

"मला ऐकू आलास."

संपतचा हात ताटातच थांबला. "कसा आलो?"

"जड."

"जड? आगं मी हाय केवढासा!"

"थांबत थांबत चढतोस. मधेच खाजवतोस पण."

संपतची बायको मंगल तोंडाला पदर लावून हसायला लागली. संपतही हसला. मग त्याच्या डोक्यात उजेड पडला. "मंग? काय लिवलंस माझ्या म्होरं?"

"वानर."

चुलीपाशी बसलेली आई मान न वळवता म्हणाली, "बरुबर लिवलं. ल्हानपणापास्नं मी त्येच म्हंतीया."

•

क्लिपचं काम बघणाऱ्या शर्वरी मॅडम, पुण्याहून, पडद्यावर:

"स्वप्नालीताई, तुमचं वानर सगळ्यात स्वच्छ येतं, माहितीये? बाकीचे गोंधळतात. तुम्ही कधीच 'सांगता येत नाही' दाबत नाही."

"आमच्याकडं खूप आहेत ना मॅडम. सवय आहे."

"म्हणून तर! तुमच्याच क्लिप आता नमुना म्हणून वापरतोय. नवीन मुली तुमचं ऐकून शिकतात. अख्ख्या जिल्ह्याला तुमचीच वानरं."

स्वप्नालीने हे घरी सांगितलं तेव्हा आईने कपाळावर बोटं मोडून तिची दृष्ट काढली.

•

यंत्र काय शिकलं:

त्याला संपत माहीत नव्हता. भाऊ, बहीण, मोहिते, पायली, काहीच माहीत नव्हतं. त्याने इतकंच ताडून बघितलं, की ही वाडीतली बाई कशाला वानर म्हणते आणि कशाला माणूस म्हणते. ती माणूस म्हणायची तेव्हा टाच वाजायची, बकल वाजायचं, शिडी खांबाला लागायची. ती वानर म्हणायची तेव्हा कातडी लोखंडाला लागायची. काही वेळा ते खरंच वानर असायचं, काही वेळा नसायचं. यंत्राने त्यातून सगळ्यात सोपा फरक उचलला.

माणूस म्हणजे बूट.

•

झाड तारेवर पडलं की सबस्टेशनचा ब्रेकर लाइन तोडतो. पूर्वी तिथे खुर्चीवर एक माणूस असायचा. संपत त्याला फोन करायचा, "आप्पा, मी वर हाय. मी सांगस्तवर हात लावू नगा." आप्पा हात लावायचे नाहीत. दोघं एकमेकांना कधी भेटले नव्हते, तरी दिवाळीला संपत त्यांना फोन करायचा.

मग खुर्ची गेली. यंत्रच लाइन तोडू लागलं, अडथळा गेला का ते तपासू लागलं, आणि गेला की स्वतःच जोडू लागलं. पावसाळ्यात सगळ्या लेबलरना, म्हणजे क्लिपना नावं देणाऱ्यांना, कंपनीचा निरोप आला, खाली फुलांचं चित्र होतं. आजपासून तुमच्या कामामुळे गावं कमी वेळ अंधारात राहतील. लाइन जोडण्याआधी यंत्र आता काचेला विचारेल: खांबावर कोण आहे? माणूस असेल तर लाइन कुलूपबंद, पथक येऊन सोडेपर्यंत. वारा, पक्षी, वानर असेल तर लगेच जोडली जाईल. एका वानरासाठी शंभर घरं अंधारात ठेवायची नाहीत, असं वर कुठेतरी ठरलं होतं.

स्वप्नालीने निरोप वाचला आणि चपला न घालताच गोठ्याकडे गेली. संपत शेळीच्या खुरातला काटा काढत होता.

"दादा, इथून पुढं तुला वानर लिहिलं तर तुझ्यावर लाइन येईल."

"धर हिला जरा. घट धर."

"ऐकतोस का?"

"आईकतोय. यील की लाइन. माझ्याकडं साखळी हाय."

साखळी म्हणजे तांब्याच्या तारेची वळलेली लांब साखळी, एक टोक जमिनीत खुपसलेलं. ती खालूनच विजेच्या तिन्ही तारांवर भिरकावली की तिन्ही एकमेकींना आणि जमिनीला जोडल्या जातात. ती वर आहे तोवर यंत्राला अडथळाच दिसतो. यंत्र लाइन जोडत नाही, जोडलीच तर तिथल्या तिथे तुटते. आप्पांची खुर्ची गेल्यापासून झिरो वायरमनांना तेवढाच आधार.

"आणि विसरलास तर?"

"जेवायला इसरतो का मी?"

"मी तुला माणूस लिहिते. म्हणजे प्रश्नच नको."

संपतने शेळीचा पाय सोडला. "लिव. मंग पथक यील. ते मोहित्याला इचारतील, ह्यो कोन? मोहित्या म्हनंल, म्या तर ह्याला आज बगतोय. मंग मी काय करू? तुझ्या शेजारी बसून तार आईकू?" तिचा चेहरा बघून तो जरा नरमला. "बाय, मला वानरच ऱ्हाऊ दे. वानराला कुनी नोटीस धाडत न्हाई."

साखळी होती. तो ती विसरत नव्हता. स्वप्नालीने हिशेब पुन्हा पुन्हा करून बघितला आणि दर वेळी तो जुळला. हिशेबात एकच माणूस होता.

•

खडकमाळ जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. तिकडे डोंगर नाहीत, माळ आहे, बाभळी आहेत. वादळात एक बाभूळ मोडून खांबांच्या रांगेवर पडली. एक फांदी विजेच्या दोन तारांवर आडवी, तिचाच फाटा खाली लोंबून काचेच्या तारेवर. वीज गेली. तार ओढली गेली आणि भूगोलाच्या बाई थांबल्या, पण त्या खांबापर्यंतची काच ऐकतच राहिली.

तिथला झिरो वायरमन अंकुश विरकर. शाळा बॅटरीवर चालली होती, पण बाईंशिवाय काय चालणार? हेडमास्तर त्याच्या घरापर्यंत चालत गेले.

"अंकुशराव, परीक्षा तोंडावर आलीय. बाई अर्ध्यातच अडकल्यात."

"चला सर," अंकुश म्हणाला, "बाईंचं त्वांड मिटवून येतो."

खांब एक झाल्यापासून झिरो वायरमन वीजही बघतो आणि नेटही बघतो. नेटचं काम सगळ्यांना आवडतं. काचेच्या तारेत करंट नसतो, हे आता शाळेतल्या पोरांनाही माहीत आहे. काचेला साखळी लागत नाही. अंकुशची साखळी सायकलच्या कॅरिअरला होती, तिथेच राहिली. चप्पल त्याने खांबाच्या बुडाशी काढली.

तो वर गेला. काचेच्या तारेवर भार टाकणारा फाटा त्याने धरला आणि उचलला. त्याबरोबर वरची फांदी एका तारेवरून सुटली आणि दुसरीवरच राहिली. दोन तारांमधला अडथळा गेला. यंत्राला तेवढंच हवं होतं. त्याने काचेला विचारलं, खांबावर कोण आहे?

काचेने सांगितलं, कातडी.

फांदी पावसाने ओली होती, आणि तिचं एक टोक अजून अंकुशच्या हातात होतं.

•

संपतच्या फोनवर झिरो वायरमनांचा एक ग्रुप आहे. कुठे केबल मिळते, कुठला साहेब कडक आहे, असलं सगळं त्यावर येतं. त्या दुपारी कुणीतरी अंकुशचा लग्नातला फोटो टाकला. बाकी काही लिहिलं नव्हतं. लिहावं लागलं नाही.

संपतने फोन बहिणीपुढे धरला. "ह्येचा आवाज म्हाईत व्हता मला," तो म्हणाला. "लई बोलायचा."

"साखळी?"

"काचंचं काम व्हतं म्हनत्यात."

काचेच्या कामाला कुणीच साखळी नेत नाही, आणि खडकमाळच्या यंत्रालाही स्वप्नालीचीच वानरं शिकवलेली होती. तिला या दोन गोष्टी एकदम कळल्या होत्या, आणि दुसरी तिला उच्चारवत नव्हती.

•

क्लिप. तपासणीसाठी. ठिकाण: खडकमाळ.
यंत्राचं उत्तर: वानर. बरोबर की चूक?

•

ती जिल्ह्यात सगळ्यात भरवशाची म्हणून क्लिप तिच्याचकडे आली. तिने हेडफोन लावला.

धप्. थांबणं. दोर घासणं. धप्. वर पोचल्यावर त्याने तळहाताने खांबाला दोनदा थोपटलं. संपतही थोपटतो. सगळेच थोपटतात का, हे तिला माहीत नव्हतं. मग फांदीचं खरखरणं. मग एक बारीक गुणगुण, वीज आली की प्रत्येक खांबाला असते ती.

मग खांब जरासा सरळ झाला. वजन गेलं की होतो तसा.

तिने परत ऐकलं. आणि परत. संपत कधी येऊन मागे उभा राहिला ते तिला कळलं नाही.

"काय म्हंतंय?"

"बरोबर की चूक विचारतंय."

"बरुबर दाब."

"दादा, तो माणूस होता."

"मला सांगतीस?"

"कंपनी म्हणतीय खांबावर कुणी नव्हतंच. झाडाखाली सापडून मेला म्हणतायत. त्याच्या बायकोला तसंच सांगितलंय."

"आनि माझ्या बायकूला मी काय सांगू? तू चूक दाबलीस की इचारतील, मंग आदीची समदी वानरं कुनाची? आंब्याजवळचं कुनाचं? डीपीजवळचं कुनाचं?" त्याचा आवाज चढला आणि गोठ्यात एक शेळी ओरडली. तो खाली बसला, तिच्या खुर्चीच्या उंचीला. "त्यो गेला, बाय. तू दाबून माघारी यील का?"

"उद्या दुसरा जाईल."

"त्येनी साखळी न्यावी."

"तू काचेच्या कामाला नेतोस?"

संपत उठला आणि बाहेर गेला.

स्वप्नालीने "चूक" दाबलं. खाली "माणूस" निवडलं.

पडदा म्हणाला: आपलं उत्तर आपल्याच आधीच्या उत्तरांशी जुळत नाही. कृपया पुन्हा ऐका.

तिने पुन्हा ऐकलं, पुन्हा माणूस दाबलं.

आपली अचूकता कमी होत आहे. थोडी विश्रांती घ्या.

क्लिप तिच्याकडून काढून घेऊन आणखी तिघींकडे पाठवली गेली. तिघी तिच्याच नमुन्यांवर शिकल्या होत्या. तिघींनीही मन लावून ऐकलं असणार. तिघींनी वानर म्हटलं.

•

"मॅडम, तो माणूस आहे."

"कोण?"

"खडकमाळचा. वानर नाही. माझी आधीची पण सगळी वानरं नाहीत मॅडम. काही खरी आहेत. काही माझा भाऊ आहे."

शर्वरी मॅडम पडद्यावर होत्या. पापण्या लवत होत्या, म्हणजे नेट चालू होतं.

"तुम्ही दमलाय, स्वप्नालीताई."

"अनवाणी कुणीपण चढलं तरी ते वानरच म्हणणार. मी तसं शिकवलंय त्याला. ते आधी बंद करा. माझं काय करायचं ते मागनं करा."

मॅडमनी बाजूला बघितलं, बहुतेक दार लावलेलं आहे का ते. मग हळू आवाजात म्हणाल्या, "हे लेखी पाठवू नका. तुमच्याचसाठी सांगते. हे तुमच्यावर येईल, तुमच्या भावावर येईल. मी बघते."

"कधी बघता?"

"मी बघते म्हटलं ना."

दुसऱ्या दिवशी स्वप्नालीचं लॉगिन उघडेना. तिने मॅडमचं ऐकलं नाही, लेखीही पाठवलं, आहेत तेवढ्या सगळ्या पत्त्यांवर. एका पत्त्यावरून उत्तर आलं, तिच्या सूचनेबद्दल आभार मानणारं. खाली फुलांचं चित्र होतं.

•

वाडीत जोराचा वारा झाला आणि पिठाच्या गिरणीजवळ जांभळाची फांदी तारांवर आली. वीज गेली, नेट गेलं. वीज गेल्याची वाडीला सवय होती. नेटची वाट बघत सरपंचाची सून दारात उभी राहिली, तिची दवाखान्याची वेळ ठरलेली होती. संपत दोर घेऊन निघाला. स्वप्नाली मागोमाग.

"साखळी कुठंय?"

"काचंची तार वडायची हाय नुसती. फांदीला हात लावत न्हाई."

"साखळी घेऊन ये."

"तू घरी जा."

"दादा, मी आणते. थांब तोवर."

"समद्या गावाम्होरं शिकवू नगंस मला!"

तो चढायला लागला. गिरणीवाला कदम दारात येऊन बघत होता, पीठ लागलेले हात झटकत. संपत वर पोचला, खांबाला दोनदा थोपटलं आणि काचेच्या तारेकडे वाकला. फांदी वाऱ्याने हलत होती. तो हात लावो न लावो, ती कधीही सुटणार होती.

स्वप्नालीने रस्त्याकडेचा धोंडा उचलला आणि खांबावर मारला.

ठण्. ठण्. ठण्. एका मापात, न थांबता. वानर धोंडा मारत नाही. झाड मारत नाही, वारा मारत नाही. यंत्र काहीही शिकलेलं असो, एवढं तरी त्याला कळेल, असं तिला वाटत होतं. वाटत होतं म्हणण्यापेक्षा, दुसरं काही उरलं नव्हतं.

"ए! काय लावलंयस?" वरून संपत ओरडला. "पथक यील! थांब! थांब म्हंतो ना!"

ठण्. ठण्.

"कदम, तिला धरा की वो!"

कदम दोन पावलं पुढे आला. तिच्या तोंडाकडे बघून थांबला.

फांदी सुटून रस्त्यावर पडली. लाइन आली नाही. संपतने तार ओढून बांधली आणि उतरला. ती तोवर मारत राहिली. तो जमिनीवर आला तेव्हा तिच्या तळहाताचं कातडं निघालं होतं. त्याने ते बघितलं आणि दोर गुंडाळला.

वीज आली नाही, कारण लाइन कुलूपबंद झाली होती. पथकाची गाडी आली, तिच्यातून दोघं उतरले. दोघांच्याही पायात बूट होते.

"वर कोण होतं?"

गिरणीपाशी बरीच माणसं जमली होती. कदम गिरणीत शिरला. सरपंचाची सून पोटावर हात ठेवून घरात गेली.

"हा होता," स्वप्नाली म्हणाली. "माझा भाऊ. खडकमाळला होता तोही असाच होता. लिहून घ्या, दोन्ही."

त्यांनी एकच लिहून घेतलं.

•

मोहिते म्हणाले, मी याला ओळखत नाही.

संपत आता तालुक्याजवळच्या पोल्ट्रीवर आहे. महिन्यातून एकदा येतो, आईच्या हातात पैसे देतो, आपल्या पोरींना घेऊन अंगणात बसतो. स्वप्नाली चहा आणून ठेवते, तो पितो. तिच्याशी बोलत नाही. मंगल बोलते, कामापुरतं. वाडीत वीज गेली की ती येता येत नाही. मोहिते येतील तेव्हा येते. लोक तिच्या खोलीच्या दाराकडे बघतात.

त्या दिवशी ती धोंडा मारत नसती तर लाइन आली असती का, हे कुणालाच सांगता येणार नाही. आली नसती, असं संपत सगळ्यांना सांगतो.

अंकुश विरकरच्या बायकोला कंपनीने कळवलं, की घटनेच्या वेळी खांबावर एक वानर होतं, माणूस नव्हता, आणि यंत्राच्या या निष्कर्षाला चार जणांनी दुजोरा दिला आहे. चौघांत पहिलं नाव स्वप्नालीचं होतं. तिचं 'माणूस' हे उत्तर त्यात धरलं नव्हतं, तिची जुनी वानरं धरली होती.

•

खडकमाळच्या खांबांवर पहिल्यांदा काचेची तार टाकली, त्याच्या आदल्या हिवाळ्यात तिथल्या माळावर प्राण्यांची मोजणी झाली. लांडगे, कोल्हे, खोकड, ससे, घोरपडी मिळाल्या. त्या माळावर वानर नाही.